कागद आता आरपार जातो

बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये खोकी ठोकणारा एक कोकणी सुतार होता. नाव मी कधी विचारलं नाही. ‘ए सुतार’ एवढ्यावर माझी साहेबी चालायची.

मालकाला स्वतःची शिकारीची रायफल लांबच्या निशाणेबाजीसाठी हवी होती, पण नेम दर वेळी सरकायचा. मी, पुण्याचा इंजिनिअर, दोनदा दुर्बीण बदलून थकलो. सुतारानं नळी आणि खालचं लाकूड यांच्यामध्ये चहाच्या पुड्याचा कागद सरकवला. तो अडकला.

“साहेब, आमच्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात, तसं हे दमट हवेनं फुगलंय. नळीला टेकतंय.”

“आता दारं बसवणारा मला बंदूक शिकवणार!” मी म्हणालो. तरी गुपचूप त्याच्याकडूनच लाकूड तासून घेतलं.

खरवडलेलं पॉलिश पाहून मालक भडकला. मी सुताराकडे बोट दाखवलं. त्याचा व्हिसा खलास. जाताना तो एवढंच म्हणाला, “कागद आता आरपार जातो, साहेब.”

आठवड्यानं मालकानं झाडलेल्या पाचही गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसल्या. नेम कुणी दुरुस्त केला, मालकानं विचारलं. “मी,” म्हणालो.

माझ्या निरोपसमारंभात मालकानं तोच किस्सा सांगितला. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.