बिननरसाळ्याचं पाणी

झकेरिया मुकादम एसटीचे ड्रायव्हर आणि मी, महिपती मोरे, त्यांचा कंडक्टर. सन पंचावन्न ते एकसष्ट अशी सहा वर्षं आम्ही महाड–महाबळेश्वर गाडीवर एकत्र काढली. त्या काळात मी त्यांच्यावर जितका चिडलो तितका घरच्या माणसांवरही चिडलो नसेन. मी घड्याळाचा माणूस. आणि झकेरियाभाई रोज पोलादपूरला माझ्या घड्याळाची माती करायचे.

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट. घाट चढण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी भरावंच लागे. बाकीचे ड्रायव्हर पत्र्याचं नरसाळं लावत, पाणी ओतत आणि मोकळे होत. आमचे भाई रॉकेलचा रिकामा डबा पाण्याने भरून दोन्ही हातांनी उचलत आणि नरसाळ्याशिवाय, बारीक धार धरून त्या अरुंद तोंडात पाणी सोडत. धार बाहेर गेली की डबा खाली ठेवून सरळ बनुबाईच्या चहाच्या दुकानासमोर बाकड्यावर जाऊन बसत. पाच-दहा मिनिटांनी उठून पुन्हा ओतत. प्रवासी खिडक्यांतून माना बाहेर काढून बघायचे आणि बोलणी मला बसायची.

"भाई, पाणी गाडीला घालताय की केळीला?" एकदा मी वैतागून विचारलं.

ते हसले. "गाडीचं बिरेक लागतं का नाय ते पायाला कळतं. पन माजं डोकं जाग्यावर हाय का नाय, ते कशानं कळायचं? घरात भांडून आलो, झोप नाय झाली, तरी तोंड म्हणतं, मी बरा हाय. हाताला तसं खोटं बोलता येत नाय. सांडलं की बसतो नि सोताला इचारतो, काय झालंय बाबा तुला? कळलं की पुन्ना वततो."

"आणि पुन्हा सांडलं तर?"

"तीनदा सांडलं तर गाडी वर न्यायची नाय, असं मी ठरवलंय."

"तीनदा सांडलंय कधी?"

"अजून तरी नाय."

हे सगळं मला रिकामपणाचे उद्योग वाटले. पुढच्याच आठवड्यात मी महाडच्या बाजारातून नवं कोरं नरसाळं आणलं आणि त्यांच्या सीटखाली ठेवलं. "आता मनाला सुट्टी द्या," असंही वर ऐकवलं. भाईंनी ते हसत ठेवून घेतलं. तीन वर्षं त्याला हात लावला नाही.

एकोणसाठच्या दिवाळीनंतर भाईंच्या पत्नी रहिमाभाभी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. त्यांच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट मी भाईंच्या डब्यातून इतकी खाल्ली होती की मयतीला गेलो तेव्हा मला त्या घराच्या चुलीकडे बघवेना. मूलबाळ नव्हतं. घरात ते दोघंच असायचे.

पंधरा दिवसांनी भाई कामावर आले. चेहरा तोच, बोलणं तेच. बनुबाई त्यांना बघून रडायला लागली, तर उलट त्यांनीच तिची समजूत घातली. सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस! मीही म्हणालो. मग भाई गाडीकडे गेले, सीटखाली हात घातला आणि ते नरसाळं काढलं.

"सुधारलात की!" मी म्हणालो.

"येळ वाचतो," ते म्हणाले.

पुढे तीन आठवडे आमची गाडी एकदाही उशिरा सुटली नाही. मी खूश होतो, हे सांगताना आज मला लाज वाटते. बनुबाई रोज बाकड्यावर चहाचा कप ठेवायची. भाई तो उभ्यानेच घ्यायचे, नाहीतर तसाच टाकून यायचे.

घाटात प्रत्येक आंधळ्या वळणावर भाई दोनदा हॉर्न वाजवत. एके सकाळी मी तिकिटांचा हिशेब मांडत होतो आणि एकाएकी मला जाणवलं, मागची दोन वळणं गेली, पण हॉर्न काही ऐकू आला नाही. मी मान वर केली तोवर तिसरं वळण आलं आणि समोरून कोळशाच्या पोत्यांचा ट्रक. दोन्ही गाड्यांचे ब्रेक किंचाळले. मधे हातभर जागा उरली. प्रवाशांनी ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. चूक आमची आहे हे फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता.

परत येताना मी बनुबाईला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"मी तीन आठवडं बघतेय," ती म्हणाली. "तो बाकड्यावर बसत नाय. बसला तर मन बोलंल, म्हणून बसत नाय. आन ते नरसाळं कुनी आणून दिलं रे त्याला?"

मी गाडीतून नरसाळं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी भाईंनी सीटखाली हात घातला.

"नरसाळं कुठं हाय?"

"दिलं बनुबाईला."

त्यांचा चेहरा लाल झाला. "गाडीला उशीर व्हईल."

"होऊ दे," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे शब्द मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यांनी डबा उचलला. पाणी सांडलं. न बसताच पुन्हा उचलला, पुन्हा सांडलं. मी हात धरून त्यांना बाकड्यावर बसवलं. बनुबाईने चहा ठेवला आणि आत निघून गेली.

"रोज घरला जातो, महिपती, नि दार वाजवतो," ते म्हणाले. "भायरून कुलूप मीच घातलेलं असतं. तरी वाजवतो."

"मग?"

"मग उभा राहतो. कोन येतंय?" त्यांनी चहाचा कप दूर सारला. "घाटात बी मी तितंच उभा असतो रे. हात गाडी चालवतात."

मला रडू आवरेना. ते मात्र उठले आणि तिसऱ्यांदा डबा उचलला. निम्मं पाणी बंपरवर गेलं. डबा खाली ठेवून ते म्हणाले, "न्यायची नाय." मग हळूच, "लोक म्हणतील, ड्रायवर येडा झाला. पुन्ना गाडी हातात देतील का रे?"

"गाडी कुठं पळून जात नाही, भाई," मी म्हणालो. महाडला निघालेल्या एका ट्रकबरोबर डेपोत चिठ्ठी पाठवली. दुसरा ड्रायव्हर यायला दोन तास लागले. तेवढा वेळ मी चाळीस माणसांच्या शिव्या खाल्ल्या, आणि भाई त्या बाकड्यावर रडत होते, कुणाचीही पर्वा न करता.

अडीच महिने ते रजेवर होते. गोरेगावची बहीण मुलांना घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. दार वाजवलं की आतून कुणीतरी कडी काढू लागलं.

फाल्गुनात भाई पुन्हा गाडीवर आले. पोलादपूरला डबा उचलला आणि थोडं पाणी सांडलं. त्यांनी खिडक्यांकडे बघून मोठ्याने सांगितलं, "सांडलं. थांबा जरा." आणि बाकड्यावर जाऊन बसले. आत बनुबाई माझ्या नरसाळ्याने चिमणीत रॉकेल भरत होती. मी घड्याळ बघितलं नाही. थोड्या वेळाने भाई उठले. या खेपेला धार सरळ आत गेली.

डब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"घे. तुजा हात बगू."

"मी काय गाडी चालवतो?"

"घे तर."

मी ओतलं आणि पाणी माझ्याच पायांवर आलं. हात थरथरत होते. घाटात तो कोळशाचा ट्रक समोर आला त्या दिवसापासून थरथरत होते आणि मी ते कुणाला दाखवलं नव्हतं.

"काय झालंय बाबा तुला?" भाईंनी विचारलं.

"भाई, ते नरसाळं मी आणलं होतं. तेच मनातून जात नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले. "चल, बसू."

आम्ही दोघे बाकड्यावर जाऊन बसलो. गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुटली.