सातव्या पदाचा चोर

लायप्झिगमध्ये ट्राउगोट लिपोल्ट नावाचा एक नक्कलनवीस राहायचा. नाटक कंपनीच्या संगीताच्या कागदांच्या नकला उतरवणं हा त्याचा धंदा आणि जगावर संशय घेणं हा स्वभाव. लिहायला बसला की पाठ भिंतीला आणि दाराला आतून कडी. शाई सुकवायला टाकलेली वाळू तो पुन्हा वापरत नसे, नदीत टाकून येई. एखादा सूर चिकटून बाहेर गेला म्हणजे? रेगीने नावाची त्याची बायको सगळ्यांना सांगायची, "लग्नात माझा होकारसुद्धा यांनी दोनदा वदवून घेतला."

बरं, संशयाला जागाही होती. ऑपेरा इटालियन होता तोवर चोरांची भीती नव्हती. ती गाणी चोरायची तर आधी दहा वर्षं गळा कमवावा लागे. पण सतराशे अडुसष्ट साली कंपनीचे संगीतकार पाउश मास्तर यांनी चक्क जर्मनमध्ये ऑपेरा रचायला घेतला. त्यात मोची गाणार, दूधवाली गाणार. आणि ती कामं करणार कोण, तर कंपनीचे साधे नट. अर्ध्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, मास्तर व्हायोलिनवर वाजवून त्यांच्या डोक्यात उतरवायचे. त्यामुळे चाली अशा की एकदा ऐकल्या की बसल्याच. असलं गाणं चोरायला दोन कान पुरतात, आणि लायप्झिगात कानांचा तुटवडा कधीच नव्हता.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना मास्तरांनी लिपोल्टला बोलावून घेतलं. मास्तर म्हणजे काडीसारखा पिवळट माणूस, नाकाशी कायम रुमाल.

"लिपोल्ट, माझं सातवं पद, दूधवालीचं. काल नदीकाठच्या धोबिणी ते गात होत्या म्हणे!"

"मास्तर, दूधवालीचं काम करणाऱ्या बाईंनी तर..."

"तिला अजून शिकवलेलंच नाही. अख्खं पद दोघांकडेच आहे, तुमच्याकडे आणि माझ्याकडे. मी काही माझ्याच घरी चोरी करणार नाही. शनिवारपर्यंत चोर आणा, नाहीतर सोमवारी दुसरा नक्कलनवीस येईल."

वीस वर्षांची नोकरी! लिपोल्टनं घरमालकावर संशय घेतला, खालच्या बेकरीवाल्यावर घेतला, शेकोटीच्या धुराड्यात डोकं घालून पाहिलं. स्वयंपाकघरात रेगीने सलगम सोलता सोलता गुणगुणत होती. हा मागे जाऊन उभा राहिला.

"काय म्हणतेस ते?"

"चर्चमधलं भजन म्हणतेय. तेही तुमच्या मास्तरांचं आहे का?"

शुक्रवारी तो नदीवर गेला. गवतावर उन्हात पांढऱ्या व्हायला चादरी पसरलेल्या, आणि ओर्टेलबाई नावाच्या धोबीणबाई त्यांच्यावर पाणी शिंपडत खुशाल सातवं पद गात होत्या.

"हे गाणं तुम्हाला कुणी दिलं?" लिपोल्टनं दरडावलं.

"गाणं म्हणजे काय चादर आहे द्यायला? माझ्या सासूचं आहे, तिच्या आईकडून आलेलं. ती काय तिथं बसलीय, विचारा. पण ओरडून विचारा."

"खोटं!"

"बरं बाबा, खोटं. मग त्या रुमालवाल्याला विचारा. डॉक्टरनं मोकळी हवा सांगितलीय म्हणून दुपारी त्या बाकावर येऊन पेंगतो बिचारा. आम्ही गातो, त्याची मान डुलते."

लिपोल्टला चोर सापडला होता, पण त्याला ज्याच्यापुढे उभा करायचा तोही तोच. सांगावं तर मास्तरांचा अपमान, म्हणजे नोकरी गेली. न सांगावं तरी गेलीच.

"दोन्हीकडून जाणारच असेल तर खरं बोलून घालवा," रेगीने म्हणाली. "तेवढाच बदल."

शनिवारी तो मास्तरांना नदीवर घेऊन गेला. ओर्टेलबाईंनी कंबरेवर हात ठेवून पद म्हटलं. मास्तर लालबुंद झाले.

"तुम्ही हिला पढवलंत, लिपोल्ट! उघड आहे!"

तेवढ्यात सुनेचे ओठ हलताना पाहून बहिऱ्या सासूबाईंनी आपणहून सूर लावला. तोंडात दात नाही, पण आवाज खणखणीत. तिसऱ्या ओळीला मास्तरांच्या कागदावर चाल खाली उतरत होती. म्हातारी तिथं वर चढली. त्यापुढे आणखी चार कडवी झाली, सगळी पाद्रीबाबांच्या हंसावर, आणि त्यातलं एकही थिएटरात म्हणण्यासारखं नव्हतं. एवढं कोण पढवणार?

मास्तरांचा रुमाल पहिल्यांदाच नाकावरून खाली आला. ते बाकावर बसले.

"वर जाते," ते पुटपुटले. "मी ती खाली कशाला आणली? लिपोल्ट, देवाशपथ, मला वाटलं माझंच आहे."

हे खरं की नाटक, हे लिपोल्टला मरेपर्यंत ठरवता आलं नाही.

नोकरी राहिली. शिक्षा मात्र झाली. तिसरी ओळ म्हातारीसारखी वर न्यायची होती, त्यामुळे एकोणीस वादकांचे कागद चाकूनं खरवडून पुन्हा लिहावे लागले. प्रयोगात दुसऱ्या कडव्यापासून सगळं थिएटर त्या पदात सामील झालं. प्रेक्षकांतल्या ओर्टेलबाई तर पाद्रीबाबांच्या हंसापर्यंत पोचत होत्या, शेजारणीनं तोंड दाबलं म्हणून बरं.

पंधरा दिवसांनी दार वाजलं. पाउश मास्तर व्हायोलिन घेऊन आत आले आणि कडी त्यांनी स्वतःच लावली.

"नव्या ऑपेराचं पहिलं पद आहे. नीट ऐका आणि खरं सांगा, हे कुठं ऐकलंय का?"

मास्तरांनी वाजवलं. चाल कोरी करकरीत होती, लिपोल्टनं तशी जन्मात ऐकली नव्हती. पण एवढ्या मानानं त्याचा संशय आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं डोळे बारीक केले, हनुवटी खाजवली.

"मास्तर," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाजवा."