बोराची ओढ

पिकलेल्या बोरांचा वास आला की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

ऐंशी सालच्या आसपास मी नाशिकला वसतिगृहात राहून शिकत होते. शाळेत विज्ञानाची प्रश्नमंजुषा होती, म्हणून माझे वडील, आमचे दादा, घोटीहून मुद्दाम आले होते. मांडीवर माझ्यासाठी रुमालात बांधलेली बोरं. ती पाहूनच की काय, बाईंनी मला विचारलं, "झाडावरून बोर पडतं, तेव्हा जास्त जोरानं कोण ओढतं? पृथ्वी की बोर?"

"पृथ्वी!" मी ठणकावून सांगितलं.

दादा उठून एकटेच टाळ्या वाजवू लागले. रुमाल सुटला, बोरं घरंगळत पार बाईंच्या पायांशी गेली आणि सगळा हॉल हसला.

"चूक," बाई म्हणाल्या. "दोघांची ओढ अगदी सारखी असते. पृथ्वी प्रचंड जड, म्हणून तिचं हलणं दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर दादांनी भर रस्त्यात एक बोर हातातून सोडलं आणि ओणवे होऊन बघत राहिले. "एवढंसं बोर, पन त्येबी तेवढंच ओढतं म्हने! लय भारी!"

ते जमीन हलते का बघत होते. आणि मी बघत होते, फाटकातून कोणी मैत्रीण येत तर नाही ना.