बारदानावरची वंशावळ

डोमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. कुत्री पायाशी येऊन उभी राहायची, भुंकायची नाहीत, आणि तो उठायचा. साडेचारला तो अकोल्याच्या धान्य बाजारामागच्या गोदामाचं शटर उघडायचा. आम्ही बाकीचे हमाल सातला यायचो. मधल्या अडीच तासांची मजुरी त्याला कोणी दिली नाही आणि त्यानं मागितली नाही.

मी त्याच्या जोडीला एकोणतीस वर्षं पोती उचलली. एकानं द्यायचं, एकानं पाठीवर घ्यायचं. देणाऱ्यानं घाई केली की घेणाऱ्याची कंबर जाते. शंभर किलोचं पोतं होतं तेव्हाही आणि पन्नासचं झालं तेव्हाही डोमाजीनं मला एकही पोतं वाकडं दिलं नाही. तो कसा माणूस होता हे यात आलं. कुत्र्यांची गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागेल.

शटर उघडलं की तो कुत्र्यांना थप्प्यांच्या मधल्या फटींत सोडायचा आणि स्वतः रिकाम्या पोत्यावर बसायचा. कुत्री ठेंगणी, अंग पांढरं, एक कान तपकिरी, तो अर्धा मुडपलेला. उंदीर दिसला तरी आवाज नाही. मानेला एक चावा, एक झटका, की दुसऱ्यामागे. खायची नाहीत. मेलेले उंदीर उचलून दाराशी आणायची आणि ओळीनं ठेवायची, सगळ्यांची तोंडं दाराकडे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही सातला आलो की ओळ ओलांडून आत जायचो.

हमाल चिडवायचे. "डोमाजी, तुह्या कुत्र्याले हमालीचा बिल्ला काढून दे."

तो म्हणायचा, "ते तुह्यापेक्षा जास्त काम करते, अन् चहा नाई मांगत."

ही जात त्याच्या आज्यानं आणली. आजा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचा. तिथल्या गोऱ्या मॅनेजरकडे विलायती उंदीरमारी कुत्री होती. तिचं एक पिल्लू पायानं अधू निघालं म्हणून साहेबानं टाकून दिलं, ते आज्यानं उचललं. अधू पाय पुढच्या पिढीत आला नाही. काम आलं. आज्यानं चालवलं, बापानं चालवलं, मग डोमाजीनं.

त्याचे नियम ठरलेले होते. पिल्लं चाळीस दिवसांची झाली की एकेकाला उंदराच्या वासाच्या पोत्यात ठेवायचं. जे केकाटलं ते मागेल त्याला राखणीला. जे गप्प राहून वास घेत बसलं ते कामाचं. त्यातल्याही माद्या घरी ठेवायच्या आणि नर बाहेर द्यायचे, जुगायला हवा म्हणून एकच नर घरात. पिल्लाचे पैसे घ्यायचे नाहीत. घेणाऱ्यानं एक कोरं बारदान, म्हणजे न वापरलेलं रिकामं पोतं, आणून द्यायचं, बस.

त्यातल्याच एका बारदानावर त्यानं वंशावळ लिहिली होती. पोत्यांवर मार्का मारायची काळी शाई आणि काडी. सगळ्यात वर आज्याची कुत्री, तिच्यासकट ओळीला एक अशी एकोणीस आयांची नावं, पुढे बाप, पिल्लं किती, नर कोणाला दिला. सुरुवातीची नावं बापानं तोंडी सांगितलेली. बापाला लिहिता येत नव्हतं, डोमाजी सातवी शिकलेला. गोदामाला रंग दिला, मालक बदलले, ते बारदान त्याच्या घरी खुंटीला घडी करून होतं.

तीन वर्षांपूर्वी आमचे गुडघे गेले आणि दोघांनीही पोतं सोडलं. डोमाजी तरी पहाटे कुत्री घेऊन जायचाच. त्याच सुमारास गोदाम एका नव्या व्यापाऱ्यानं भाड्यानं घेतलं आणि न सांगता थप्प्यांखाली विषाच्या वड्या टाकल्या. वडी खाल्लेला उंदीर सुस्त होतो. तो धरताना विष तोंडात जातं. आठवड्याभरात घरचा नर गेला, दोन माद्या गेल्या. रंगी तेवढी उरली, तिच्या पंजात काच घुसली होती म्हणून ती घरी होती.

व्यापाऱ्याशी तो भांडला नाही. मला म्हणाला, "खुशालभाऊ, सगळे नर वाटून टाकले मी. परत एक मांगायचं कधी सुचलं नाई. आज्यानं आणलं, माह्या हातानं बुडते."

रंगी पाच वर्षांची होती. एखादं वेत, फार तर दोन. गावठी कुत्रा लावला असता तर पिल्लं झाली असती, पण ती कशाची, हे सांगता आलं नसतं. बारदान घेऊन आम्ही दोघं फिरलो. बाळापूर नाक्यावरचा नर म्हातारा होऊन मेला होता. अंजनगाव सुर्जीच्याला गाडीनं उडवलं होतं. एकाची नसबंदी झाली होती. बाकीची नावं बारा-पंधरा वर्षांपूर्वीची. माणसं घरं बदलून गेली, काहींच्या नावापुढे गाव नाही, फक्त धंदा लिहिलेला.

त्याची लेक भावना हिनं फोनवर वाचलं की अमरावतीत कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. डोमाजीचा हिशेब साधा होता. आसपासच्या जिल्ह्यांतली कुत्र्यावाली माणसं एका जागी येतील, त्यात एखादी अशी कुत्री दिसेल. सुंदराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, रंगीला रिठ्यानं धुतलं आणि आम्ही निघालो.

मैदानावर मंडप होता. शाम्पूचा वास, पंख्यापुढे झोपवलेली मोठमोठी कुत्री. नावनोंदणीच्या टेबलावरच्या पोरानं कागद मागितले. डोमाजीनं टेबलावर बारदान पसरलं. पोरगा हसला नाही, पण त्याला कुठे काय लिहावं कळेना. त्यानं जातीच्या रकान्यात 'इतर' लिहिलं.

परीक्षकानं रंगीचे दात पाहिले, खांदे चाचपले, चालवून पाहिलं. मग विचारलं, ही काय करते. डोमाजी म्हणाला, उंदीर मारते. आजूबाजूचे लोक हसले. परीक्षकानं मान डोलावली, दात चांगले आहेत म्हणाला, कान सारखे नाहीत म्हणाला, आणि पुढच्या कुत्र्याकडे गेला. नंबर आला नाही. मला राग आला होता. डोमाजीला नव्हता. परीक्षकाचं माप वेगळं आहे, तो त्याच्या मापानं बरोबर आहे, एवढंच तो म्हणाला. पण सबंध दिवस त्यानं एकेक कुत्रं निरखून पाहिलं होतं आणि रंगीसारखं एकही नव्हतं. तो बाकावर बसला, बारदान शेजारी ठेवलं आणि बूट काढून गुडघा चोळत राहिला.

त्याच बाकावर आमच्याच वयाचा एक माणूस बसला होता. नत्थुजी नाव, वरूडला संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम. मालकाचं मोठं कुत्रं घेऊन आला होता. वेळ जात नव्हता म्हणून त्यानं बारदान वाचायला घेतलं. खालून तिसऱ्या ओळीवर थांबला.

"कुंदन, संत्र्याचा ट्रक, नर एक," त्यानं मोठ्यानं वाचलं. "हा कुंदन तं माहा साळा होय."

डोमाजीनं मान वर केली.

"त्याच्या त्या कुत्र्याचा नातू आमच्या शेडमधी हाये," नत्थुजी म्हणाला. "तणसात लई उंदीर अस्ते. मारते अन् ओळीनं मांडून ठेवते. कावून मांडते, देव जाने."

डोमाजीनं हळूच विचारलं, "तोंडं कोनीकडं?"

"दाराकडं."

डोमाजीनं बूट घातला, नाडी बांधली, ती सोडून पुन्हा बांधली.

फेब्रुवारीत रंगी माजावर आली. कुंदन अजून ट्रक चालवत होता, अकोल्यात माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत निघाला होता. त्याच्याच केबिनमधून आम्ही वरूडला गेलो. नत्थुजीनं चहा ठेवला आणि म्हणाला, सोडा आता दोघांना एका जागी. डोमाजी म्हणाला, आधी काम पाहीन. नत्थुजीला हसू आलं. पण डोमाजी रात्री शेडमध्ये मुक्कामाला राहिला, पहाटे चारला उठला आणि त्या नराला संत्र्यांखाली घालायच्या तणसाच्या ढिगात सोडून रिकाम्या क्रेटवर बसला. सात उंदीर निघाले. एकदाही आवाज नाही. ओळ नीट, तोंडं दाराकडे. डोकं जरा रुंद आहे एवढं त्यानं बोलून दाखवलं. मग हो म्हणाला.

त्यानंतर बासष्टाव्या दिवशी सकाळी रंगी कळा देऊ लागली. दुपारपर्यंत काही नाही. पहिल्या पिल्लाचं डोकं अडकलं होतं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, आत्ताच पोट उघडावं लागेल, नाहीतर आई आणि पिल्लं दोन्ही जातील. खर्च सांगितला.

पोस्टात डोमाजीचे पैसे होते. शेवटच्या चार हंगामांच्या हमालीतून मागे टाकलेले, जुनी मोपेड घ्यायला. गुडघ्यांमुळे त्याला पायी चालवत नव्हतं, मोपेड पाहूनही ठेवली होती. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. सुंदराबाई पोस्टाचं पुस्तक घेऊनच आली होती.

"गुडघे तुमचे हायेत," ती म्हणाली. "रंगी माही हाये. उठा."

तो उठला.

चार पिल्लांतलं एक गेलं. दोन माद्या, एक नर वाचला. चाळिसाव्या दिवशी पोत्यात ठेवलं तेव्हा नर गप्प राहिला, एक मादी गप्प राहिली, दुसरी केकाटली. ती केकाटणारी मी मागून घेतली. बदल्यात कोरं बारदान नेऊन दिलं, पिशवीत घालून नेलं तर त्यानं उलगडून उसवलेलं आहे का ते पाहिलं. बारदानावर विसावी ओळ लिहिली. यंदा नरापुढे दिलेल्या माणसाचं नाव नाही. तिथं लिहिलं आहे, 'घरी'.

डोमाजी अजून माझ्याकडे पायीच येतो, मधे दोनदा थांबून. मोपेडचे पैसे रंगीच्या पोटावरच्या अकरा टाक्यांत गेले. टाके मी मोजले आहेत. सरळ आहेत.