सुरकुत्यांचा रंग

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला पाचवा महिना होता, यांना हिवताप होता, आणि मालकांना मोटारीच्या इंजिनावर सुरकुत्या हव्या होत्या.

मालक म्हणजे जानेफळचे मोठे जमीनदार. गावात मोटार एकच, ती त्यांची, आणि ती चालवायला माझे यजमान. मालक कापसाच्या कामानं अकोल्याला गेले होते. तिथं कुणा साहेबाच्या नव्या गाडीचं इंजिन त्यांनी पाहिलं. इंजिनाच्या माथ्यावर जे लोखंडी झाकण असतं, त्याला काळा रंग होता, पण गुळगुळीत नव्हे. बारीक सुरकुत्या पडलेला, हाताला खरखरीत लागणारा. तो रंग डब्यात मिळतो असं कळल्यावर त्यांनी मुंबईहून डबा मागवला. दिवाळीला मोठे जावई येणार होते. त्याआधी आपल्या गाडीचं झाकण तसं झालं पाहिजे, असा हुकूम निघाला.

हे एक दिवस बरे असायचे, एक दिवस नाही. तापाची पाळी दुपारी यायची. आधी दात वाजायचे, मग दोन गोधड्या घालूनही खाट हलायची, मग घाम. पोस्टातून आणलेल्या कोयनेलच्या पुड्या चालू होत्या. त्यांनी कान गुणगुणायचे, ताप मात्र हटत नव्हता. मी सकाळी मालकांच्याच शेतात कापूस वेचायला जात असे. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत आली की पोटात एक ओझं आणि पोटावर दुसरं. दुपारी घरी येऊन यांचं पाहायचं, आणि त्यात हे झाकण.

बऱ्या दिवशी यांनी ते सोडवून घरी आणलं. हातभर लांब, वर तेलाचा आणि धुळीचा थर. जुना रंग काढायला मी धुण्याचा सोडा आणि चुना कालवून त्यावर थापला. रंग फुगला तसा यांनी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला. मग काचकागद, मग घासलेट, मग गरम पाणी. कापसाच्या बोंडांनी माझी बोटं आधीच टोचलेली होती, सोड्यानं ती सोलून निघाली. लोखंड पांढरं दिसायला लागलं तेव्हा आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो.

पुढच्या बऱ्या दिवशी यांनी रंग दिला. नेहमी देतात तसा, एक पातळ हात, तो वाळू दिला, वर दुसरा पातळ हात. संध्याकाळी पाहिलं तर झाकण आरशासारखं झालेलं. एकही सुरकुती नाही.

मालक स्वतः पाहायला आले. बोट फिरवलं.

"काऊन बे, असा रंग तर मेहकरच्या दुकानातही भेटला असता."

"ऊन कमी पडलं जी," हे म्हणाले.

"डब्यावर काय लिहेल हाय, वाचलं का?"

"हो जी. वाचलं."

डब्यावर सगळं इंग्रजीत होतं. यांची शाळा मराठी दुसरीत सुटलेली. पण कामाला लागताना 'इंग्रजी थोडं वाचतो' असं यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून ते निभावत आले होते. रस्त्यावरची पाटी असो की तेलाचा डबा, सगळं अंदाजानं. मी चौथी झालेली, पण मलाही ती अक्षरं लागत नव्हती.

पुन्हा सोडा, पुन्हा खरवडणं. या खेपेला यांचे हात कापत होते म्हणून रंग मी दिला. त्याच्या वासानं मला दोनदा उठून ओकारी काढावी लागली. झाकण उन्हात ठेवलं, तर वाऱ्यानं अंगणातली धूळ आणि माझ्याच लुगड्याला चिकटलेला कापूस त्यावर बसला. तेही खरवडलं. डब्यात आता एका खेपेपुरता रंग उरला होता.

मालकीणबाई आजाऱ्यासाठी म्हणून रोज तांब्याभर दूध देत. एका दुपारी ते निखाऱ्यावर ठेवून मी तशीच चुलीपुढे बसून राहिले. उठून कामाला लागायची इच्छाच होत नव्हती. दुधावर साय धरली आणि हळूहळू आक्रसत गेली. वर घड्या पडल्या, खाली दूध पातळच. मी बघत राहिले. आदल्या दिवशी घाईत पाणी घालून तापवलेल्या दुधावर अशी साय आली नव्हती.

मी यांना म्हटलं, "रंग दाट पाह्यजे, अन् खालून आच पाह्यजे. सायीवानी."

"दूध नाई ते, लोखंड हाय," हे गोधडीतून म्हणाले. "तू गप राह्य."

हे झोपल्यावर मी डबा पदराखाली घेतला आणि शाळेत गुरुजींकडे गेले. गुरुजींना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी चष्मा पुसून डबा फिरवत फिरवत वाचला.

"रंग दाट द्या म्हणते. उभा एक हात, आडवा एक हात. अन् वला हाय तवाच आच द्या. आच नाई तर सुरकुती नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण बाई, तुमचे यजमान तर वाचतात ना इंग्रजी?"

"वाचतात जी. तापानं डोळे दुखून राह्यले त्यांचे."

परत आले तर हे खाटेवर उठून बसलेले.

"डबा कुठं नेला होता?"

मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. भाकरीला उठले नाहीत, दूधही तसंच राहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला फक्त पाठ टेकायची होती. मी टेकली.

सकाळी उठले तेव्हा हे अंगणात होते. मालकांच्या गोठ्यामागून तेलाचं रिकामं पिंप गडगडत आणलेलं, त्याचं बूड कापून काढलेलं. तीन दगडांवर ते उभं केलं आणि खाली गोवऱ्या पेटवल्या. धूर सरून नुसते निखारे राहिले तेव्हा मी झाकणाला दाट रंग दिला, उभा आणि आडवा. यांनी ते तारेला अडकवून पिंपात सोडलं, वर पत्रा ठेवला.

आम्ही दोन बाजूंना बसलो. हे म्हणाले, "मले वाचता येत नाई, हे तुले कधी कयलं?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलायचं होतं त्यात?"

त्यांनी काडीनं निखारे सारखे केले. "मास्तर काय म्हणे?"

"मी सांगतलं, तुमचे डोळे दुखतात."

यावर हे हसले. तापाच्या दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील. तेवढ्यात त्यांना हुडहुडी भरली. त्या दिवशी पाळी नव्हती, पण आली. मी आत जा म्हटलं, ते गेले नाहीत. मी गोधडी बाहेर आणून त्यांच्या अंगावर घातली. ते तसेच थरथरत पिंपाकडे बघत बसले. मी पत्रा सरकवला. कडेपासून सुरकुत्या उठत आत सरकत होत्या. बारीक, दाट, एकसारख्या. फक्त ज्या बाजूनं वारा लागत होता, तिथं तळहाताएवढा भाग गुळगुळीत राहिला. डब्यात रंग नव्हता. आमच्या अंगातही काही उरलं नव्हतं.

मालकांनी बोट फिरवलं. त्या कोपऱ्यावर थांबले.

"हे एवढं असं काऊन?"

"वारा लागला जी," हे म्हणाले.

"बरं. बसव आता."

जावई आले, चार दिवस राहिले. इंजिनाचं तोंड एकदाच उघडलं, पाणी घालायला. तेव्हा ते पलीकडे कुणाशी तरी तुरीबद्दल बोलत होते. मालकांनीही त्यांना हाक मारली नाही.

थंडी वाढली तसा ताप सुटला. फाल्गुनात मला मुलगी झाली. त्याच उन्हाळ्यात हे गुरुजींकडे गेले आणि खरं ते सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, "मले माहीत होतं." मग त्यांनी यांना इंग्रजी अक्षरं काढून दिली. पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना, मालकांची मोटार विटांवर चढली. आम्ही मेहकरला आलो. हे तिथं प्रवाशांच्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर लागले.

मालकांचा राग आला होता का, असं मुलीनं मला मोठेपणी विचारलं. रागाला बळ लागतं. मला आठवते ती झोप. झाकण मालकांकडे पोचवलं त्या दुपारी मी कापूस वेचून आले आणि उंबऱ्याला टेकले, ती ओटी सोडायच्या आधीच झोपले. जागी झाले तेव्हा ओटी कुणीतरी सोडून ठेवली होती, आणि हे चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. जाड होत्या, एका बाजूनं कच्च्या. मी मीठ-तिखटाशी दोन खाल्ल्या आणि परत आडवी झाले.