भरलेला पेला

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, देवाने क्षमा केल्याची खूण म्हणून प्रत्येकाने भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस घ्यायचा. ते झालं की द्राक्षारसाचे चिमुकले पेले विसळायचं काम माझ्याकडे असतं. तबकात रिकाम्या पेल्यांमध्ये एक नेहमी द्राक्षारसाने भरलेलाच परत यायचा. तो रत्नाबाईंचा. सून पोटुशी असताना त्यांनी रागाच्या भरात तिला घराबाहेर काढलं होतं. पुढे माफी मागून परतही आणलं. आता नात शाळेत जाते, सून ते सगळं विसरूनही गेली. पण तबक समोर आलं की रत्नाबाई मान खाली घालून ते पुढे सरकवायच्या.

केवढी ही नम्रता, असं मला वाटायचं. मग एकदा तो भरला पेला मोरीत ओतताना हात थबकला. देव क्षमा करून मोकळा झालाय, आणि ही बाई म्हणते, माझं पाप तुला झेपायचं नाही! ही कसली नम्रता? पण मी तरी कुठे वेगळी? माझीही काही जुनी पापं मी जपून ठेवलीच आहेत, लग्नातल्या शालूसारखी.

या खेपेला मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. तबक आलं तशी सून हळूच म्हणाली, "आई, माझ्या हातचं रोज जेवता. मग देवाच्या हातचं का नको?"

रत्नाबाईंनी पेला उचलला, एका घोटात रिकामा केला, आणि वर शेवटच्या थेंबासाठी तो जिभेवर उपडा धरला. सुनेला हसू आवरेना, मलाही.

नंतर तबक घेऊन मोरीकडे निघाले, तर ते हाताला चक्क हलकं लागलं. घोटभर रसाचं ओझं ते असं कितीसं असणार!