तेल लावलेली कढई

मंगरूळपीरच्या बाजारातली ती भज्यांची कढई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्वातंत्र्याआधीची गोष्ट. मी नवा फौजदार, स्वभावाने अबोल. बाजाराच्या तोंडाशी एका विधवा बाईंचं हॉटेल होतं. भाजी विकायला येणारे शेतकरी तिथेच बसत, भांडत, सोयरिकी जमवत.

एका सकाळी बाई ठाण्यात आल्या. सोबत त्यांना न्यायला आलेला अकोल्याचा भाऊ. कढई चोरीला गेली होती.

"कवापासून म्हणतो, माह्यासंग चाल," भाऊ वैतागला होता. "एकटी बाई. इथं हाय कोण तुले?"

"कढई भेटल्याशिवाय मी गाव सोडत नाही," बाईंनी ठणकावलं.

फिर्याद नोंदवली. लोहार, भंगारवाले तपासले; काही हाती लागलं नाही. हॉटेलची गिऱ्हाइकं जबाब देताना हळहळत होती, पण मिशीतल्या मिशीत हसतही होती. ते मला खटकलं. शेवटी वांगी विकणाऱ्या एका म्हातारीने शेजारच्या भाजीवाल्याचं नाव घेतलं.

"साहेब, बाजार करून त्याची गाडी रिकामी गेली. मंग वर गोणपाट काहून झाकलं होतं?"

पंच घेऊन त्याचा मळा गाठला. कडब्याखाली, गोणपाटात गुंडाळलेली कढई निघाली. हात लावला तर बोटं तेलकट झाली. गंज चढू नये म्हणून ताजं तेल चोपडलं होतं. चोरीच्या लोखंडाची इतकी काळजी घेणारा चोर मी पाहिला नव्हता.

"विकायची नव्हती ना?" मी विचारलं.

"कायले विकू? कढईबिगर बाई हालत नाही, मालूम होतं. भाऊ कंटाळून परत गेला का ठेवून येणार होतो. बाई गेली तं आमी बसाव कुठी? घरी?"

"घरी नोका धाडू याले, साहेब!" मागून त्याची बायको ओरडली.

पंचनामा करून त्याला घेऊन ठाण्यात परतलो, तर आवारात अर्धा बाजार जमलेला. बाईंनी कढईवर बोट फिरवून वास घेतला.

"जवसाचं तेल? मेल्या, भज्यांले वास येईन ना!" मग त्या भावाकडे वळल्या. "इथं कोण हाय म्हणत होता ना? हे पाह्य सारे. तू जाय. साहेब, चोरी नाही झाली, तसं लिवा."

लबाडीचा हेतू नव्हता, तेव्हा गुन्हाही नव्हता. त्या दुपारी फिर्यादी, पंच, आरोपी आणि मी, सगळ्यांनी गरम भजी खाल्ली. भाऊ दोन प्लेट खाऊन अकोल्याला गेला.

पुढे प्रत्येक चोरीत माल कुठे गेला हे शोधताना मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: माल गेल्यामुळे कोण थांबलं? दरवेळी उत्तर 'कोणी नाही' असंच आलं. कढईच्या ज्या एका फिर्यादीत ते वेगळं होतं, तिच्या आठवणीने मी आजही एकटाच हसतो.